लॅपटॉपचा ताप: किती चढला तर काळजी करायची?

दुपारची कामं आवरून कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी शिलाई मशीनवर असाल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही तापाबद्दल बोलणार आहोत. माणसाच्या नाही, गटाच्या कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपच्या तापाबद्दल.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो.

मागच्या मे महिन्यात आमच्या गटाची मासिक सभा होती. आमचा भाग परभणीकडचा, तिथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. सभेची खोली पत्र्याची. हिशेबाचं काम आमच्यातलीच एक सून बघते. बारावी झालेली, तालुक्याला जाऊन संगणकाचा कोर्स केलेली. कर्जाचे हप्ते घ्यायचे, पावती द्यायची आणि लॅपटॉपवर नोंद करायची, असं तिचं चाललं होतं. अकरा जणींचे हप्ते झाले आणि स्क्रीन एकदम काळी. काही सूचना नाही, आवाज नाही. तिनं पुन्हा चालू केला, सात-आठ मिनिटांत पुन्हा काळी. तिसऱ्यांदा तर सुरूच होईना. त्या दिवशीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

मग काय, तोंडं सुरू झाली. "हिनंच काहीतरी दाबलं." "घरी नेती ना, पोरं पिक्चर बघत असतील." एका ताईंनी तर आपल्या हप्त्याची नोंद झाली होती की नव्हती, झाली नसेल तर पैसे कुठे गेले, इथपर्यंत विषय नेला. पावती त्यांच्याच हातात होती, पण रागात कोण बघतं? ती पोरगी एक शब्द बोलली नाही. कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेली. पुढच्या दोन सभांना ती आली नाही.

त्याच सभेत नवा लॅपटॉप घ्यायचा ठराव आला. किंमत ३५ हजार, पैसे गटाच्या बचतीतून. दोन-तीन जणींनी अडवून धरलं म्हणून तो महिनाभर पुढे गेला. त्या महिन्यात आम्ही जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

लॅपटॉप तापतो म्हणजे नेमकं काय तापतं? त्याच्या आत प्रोसेसर नावाचा एक तुकडा असतो. बेरीज-वजाबाकी, लिहिणं, चित्र दाखवणं, सगळा विचार तोच करतो. मूळ तुकडा केवढा, तर अंगठ्याच्या नखाएवढा. साध्या, पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर पूर्ण कामाला लागला की साधारण १५ वॅट वीज खातो. व्हिडिओ बनवायचे जाडजूड लॅपटॉप असतात, त्यातला ४५ वॅट किंवा जास्तच. आपल्या घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. म्हणजे दीड बल्बापेक्षा जास्त वीज नखाएवढ्या जागेत जाते, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. बल्बाचा निदान उजेड तरी पडतो. इथे फक्त ऊब.

ती ऊब बाहेर काढायची सोय आत केलेली असते, आणि ती बघण्यासारखी आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर मलमासारखा एक पातळ लेप दिलेला असतो. लेपावर तांब्याचा पत्रा, पत्र्याला जोडलेली तांब्याची चपटी नळी. नळी आतून पोकळ असते आणि तिच्यात थेंबभर पाणी बंद केलेलं असतं. हवा काढून घेतलेली असल्यामुळे ते पाणी कमी उष्णतेतही वाफ होतं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते आणि थेंब होऊन परत पातेल्यात पडते. नळीत हेच चालतं. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला जाते, तिथं थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येते. दिवसभर हेच. थंड टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्यातून पंखा वारा ढकलतो. बाजूच्या किंवा मागच्या फटीतून गरम हवा येते ना, ती ही. काही लॅपटॉपला पंखाच नसतो, त्यांचं सगळं अंगच ऊब सोडतं. पण गटांकडे असतात ते बहुतेक पंख्याचेच.

आता आकड्यांकडे येऊ. अंश म्हणू तिथे सेल्सिअस समजा.

माणसाचा ताप ३७ च्या वर गेला की आपण कपाळाला हात लावतो, ४० झाला की दवाखाना गाठतो. प्रोसेसरचं गणित निराळं. लॅपटॉप नुसता उघडून ठेवलाय, काही काम नाही, तरी तो ४० ते ५५ अंशांवर असतो. हिशेबाचा तक्ता भरताय, पत्र लिहिताय, तर ५५ ते ७०. व्हिडिओवरून बैठक चालू आहे, सोबत इंटरनेटची चार पानं उघडी आहेत, तर ७० ते ८५. एखादं जड काम असेल तर ९० च्या पुढेही जातो. आणि एखादा प्रोग्राम उघडताना क्षणभर ९० ला टेकून खाली आला, तर त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

ऐकून दचकलात? आम्हीही दचकलो होतो. पाणी १०० ला उकळतं, आणि हा ९० ला बसून काम करतो! पण तो तसाच घडवलेला असतो. बनवणारी कंपनी प्रत्येक प्रोसेसरची वरची मर्यादा ठरवून देते. इंटेलच्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच प्रोसेसरना ही मर्यादा १०० अंश आहे, काहींना १०५. एएमडीच्या रायझन प्रोसेसरना ९५ ते १०५ च्या दरम्यान. आमच्या गटाच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय-५ ८२५०यू आहे, त्याची मर्यादा १००. तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणता आहे, ते विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट असं उघडलं की नावासकट दिसतं. ते नाव कागदावर लिहून घ्या. त्याची मर्यादा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते. इंटेलवाले तिला टी-जंक्शन म्हणतात.

मर्यादा १०० आहे म्हणून ९९ वर खुशाल राबवायचा, असं मात्र नाही. बैलगाडीत किती पोती मावतात आणि रोज किती पोती घालावीत, हे दोन वेगळे आकडे आहेत. आमच्या गटानं आमच्यापुरता नेम केलाय. साध्या हिशेबाच्या कामात आकडा सतत ८५ च्या वर राहिला तर बघायचं की कुठे काय अडलंय. सतत ९० च्या वर राहिला तर काम थांबवायचं. हा नेम आमचा आहे, कंपनीचा नाही.

मर्यादा गाठली की प्रोसेसर काय करतो? त्याच्या पोटातच छोटी तापमापकं बसवलेली असतात. आधी पंखा जोरात पळतो, गिरणीसारखा घूं-घूं आवाज येतो. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. काम कमी, तर वीज कमी, तर ऊब कमी. लॅपटॉप अचानक रडतखडत चालायला लागतो, एक अक्षर दाबलं की दोन सेकंदांनी उमटतं, ते बरेचदा याचमुळे. आपण म्हणतो मशीन म्हातारं झालं. ते बिचारं उन्हात दम खात असतं. आणि वेग कमी करूनही ताप उतरला नाही, तर शेवटी ते स्वतःला बंद करून घेतं. तिथे मग "सेव्ह करू का?" असं विचारायलाही वेळ नसतो. जीव वाचवायला केलेली ती धडपड असते.

म्हणजे आमच्या सभेत जे झालं, ते कुणी काही दाबल्यामुळे झालं नव्हतं. पण इथे एक बारकावा आहे. पंखा आणि वाट नीट असेल तर वेग कमी करण्यावरच भागतं, बंद पडायची पाळी सहसा येत नाही. बंद पडला याचा अर्थ, ऊब बाहेर जायची वाट कुठेतरी तुंबलीय. आणि आमची कुठे तुंबली होती, ते ऐकून तुम्ही हसाल.

आमच्या सभेच्या खोलीला लागूनच गटाचं मसाला कांडप आहे. उन्हाळा म्हणजे मिरची-हळदीचा हंगाम. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या दादांनी लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं आणि पहिल्यांदा ते सात-आठ वेळा शिंकले. पंख्याच्या पात्यांवर लाल थर. आणि त्या बारीक पट्ट्यांच्या तोंडाशी तर तिखट, धूळ, कापसाचे तंतू यांचा मिळून चांगला जाड नमदा झालेला. वारा जाणार कुठून? कापूस कुठून आला, तर तोही आमचाच. टेबल खडबडीत म्हणून आम्ही प्रेमानं खाली गोधडीची घडी अंथरत होतो. लॅपटॉपला लागू नये म्हणून! हवा आत घ्यायची भोकं असतात नेमकी पोटाशी. ती गोधडीनं बंद, आणि आत ओढले जायचे ते गोधडीचेच तंतू. लाड म्हणून लेकराला मेमध्ये स्वेटर घालावा, तशातली गत.

खाली चार कोपऱ्यांना बुटके रबरी पाय असतात, ते दिसायला क्षुल्लक वाटतात. पण पोटाखाली हवेला जागा राहते ती त्यांच्यामुळे. आमचे दोन पडून गेले होते. आता आम्ही लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवतो आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची बुचं. पाटच घ्या, पोळपाट नको. त्याचं पीठ पुन्हा आतच जायचं.

दादांनी पंखा झाडला, जाळी मोकळी केली, वाळून खडू झालेला लेप खरवडून नवा लावला. सहाशे रुपये घेतले. कुठे ३५ हजार आणि कुठे सहाशे.

हे घरी करता येतं का? झाकण उघडायचं काम जाणत्याकडेच द्या, आतल्या वायरी फार नाजूक असतात. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच केंद्रात. बाहेरून मात्र महिन्यातून एकदा फटी साफ कराव्यात. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा आणि मऊ कोरड्या ब्रशनं किंवा फोटोवाल्यांकडे असतो तशा रबरी फुग्यानं धूळ उडवायची. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. दुकानातल्या मोठ्या ब्लोअरनं कुणी वारा मारत असेल तर पंख्याची पाती काडीनं अडवून धरायला सांगा. नाहीतर ती भलत्याच वेगानं फिरतात आणि पंख्याचा आस खराब होतो.

आता उन्हाचं गणित. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात एक ओळ असते, की आजूबाजूच्या हवेचं तापमान अमुक ते अमुक अंश असावं. वरचा आकडा बहुतेक कंपन्यांचा ३५ आहे. ३५ म्हणजे किती, हे आमच्यातल्या कुक्कुटपालनवाल्या ताईंनी लगेच सांगितलं. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात जेवढी ऊब देतात, तेवढं. आणि आमच्या पत्र्याखाली मेच्या दुपारी ४२-४३ सहज होतं! त्यांनीच शेडमधलं तापमापक आणून खोलीत टांगलं, म्हणून आम्हाला हे कळलं.

खोली तापली की प्रोसेसरचं काय होतं, ते सोपं आहे. पंखा काही थंड हवा तयार करत नाही. खोलीतलीच हवा तो आतून फिरवतो. म्हणून खोली जितके अंश चढते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. खोलीत ३० असताना एखाद्या कामाला तो ७० वर असेल, तर ४३ च्या खोलीत त्याच कामाला ८३ च्या आसपास जाईल. वाट मोकळी असेल तर ८३ चालून जातं. वाट तुंबलेली असेल, ३० च्या खोलीतच तो ९० गाठत असेल, तर मेमध्ये मर्यादेला धडकणारच. आमचा लॅपटॉप हिवाळाभर कुरकुर न करता चालला आणि मेमध्येच का पडला, त्याचं उत्तर हे. तुंबलेला तो हिवाळ्यातही होता.

त्यामुळे उन्हाळ्यात आमची सभा आता सकाळी आठला होते. लॅपटॉपसाठी नाही, म्हटलं तर आमच्याचसाठी, पण दोघांनाही बरं पडतं. दुपारी काम करावंच लागलं तर पत्र्याच्या खोलीऐवजी मातीच्या भिंतीच्या घरात बसतो.

थंड करायचे काही उपाय आम्ही केले, ते तुम्ही करू नका. ओलं फडकं खाली ठेवून पाहिलं होतं. एका काकूंनी फ्रीजमध्ये पाच मिनिटं ठेवायला सांगितलं. पाण्याचा थंड तांब्या फ्रीजबाहेर काढला की बाहेरून ओला होतो, तसं ते आतून ओलं होतं, आणि वीज चालू केली की खेळ खलास. कूलरच्या अगदी तोंडाशीही नको, पाण्याचे तुषार उडतात. आणि हो, एकीनं माठावर ठेवायचं सुचवलं होतं. माठ आमचा चांगला होता म्हणून वाचला.

आता महत्त्वाचं. बाहेरून हात लावून आतला ताप कळत नाही. लॅपटॉपची पाठ ४५-५० अंशांची असली की आपल्याला हात ठेववत नाही, पण तेव्हा आत प्रोसेसर ७० वर असेल नाहीतर ९५ वर. हाताचा भरवसा नाही. आणि विंडोजमध्ये प्रोसेसरचं तापमान सहज कुठे दिसत नाही. त्यासाठी छोटे मोफत प्रोग्राम मिळतात, कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर. बनवणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. कुणाच्या पेन ड्राइव्हवरून नको, कारण अशा वाटेनं असले प्रोग्रामही घुसतात की जे आपल्याला न विचारता प्रोसेसर राबवून घेतात. काही काम नसताना पंखा घूं-घूं करत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. कोण किती प्रोसेसर खातंय याची यादी समोर येते. कधी व्हायरस तपासणी चालू असते, कधी विंडोज स्वतःला अद्ययावत करत असतं, तर थोडं थांबावं. ओळखीचं नसलेलं नाव वर दिसत असेल तर जाणत्याला दाखवावं.

आणि प्रत्येक वेळी दोष तापावर टाकू नका बरं का. लॅपटॉप बंद पडण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे थकलेली बॅटरी. वीज गेली की त्याच क्षणी बंद होतो, वीज आली की लगेच सुरू होतो, पंख्याचा आवाज नाही, अंग गार, तर तो ताप नाही. बॅटरी धरत नाही एवढंच. तापानं बंद पडला असेल तर आधी पंखा ओरडलेला असतो, काम हळू झालेलं असतं, अंग कढत असतं, आणि तो गार झाल्याशिवाय पुन्हा नीट उठत नाही. आमच्या सुनेला ही सगळी लक्षणं दिसली होती. ती त्या दिवशी म्हणालीसुद्धा होती, "आवाज लई येतोय, जरा थांबू का?" आम्हीच म्हणालो, "हप्ते संपव आधी."

बॅटरीचा विषय निघालाच तर एक इशारा. प्रोसेसर ९० सोसतो, बॅटरी सोसत नाही. तिला चार्ज करायची हवा साधारण ४५ अंशांच्या आतलीच हवी. उन्हात उभ्या जीपमध्ये, पत्र्याला लागून असलेल्या फळीवर लॅपटॉप ठेवू नका. बोटं फिरवायची पाटी वर उचललेली दिसली, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला, तर आत बॅटरी फुगली असू शकते. मग चार्जर लावायचाच नाही, वापरायचा नाही, दाबायचा-टोचायचा नाही. सरळ दुरुस्तीवाल्याकडे. फुगलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकली तर भडका होतो.

एसटीनं तालुक्याला जाणाऱ्या ताईंनी आणखी एक लक्षात ठेवा. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही, तो नुसता डुलकी घेत असतो. पिशवीत मध्येच जागा झाला तर कापडात गुंडाळलेल्या अवस्थेत तापत राहतो. पूर्ण बंद करूनच पिशवीत घाला.

दुरुस्तीनंतर लॅपटॉप आला, त्या सभेला आम्ही तिघी-चौघी आधी सुनेच्या घरी गेलो. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आता कशाला आलात?" बरोबरच होतं त्यांचं. आम्ही काही फार बोललो नाही. दादांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेला तो लाल नमदा तिच्यापुढे ठेवला. ती बघत राहिली, मग तिला शिंक आली, मग सगळ्यांनाच हसू आलं. सभेत हप्त्याची शंका काढणाऱ्या ताई स्वतः उठल्या आणि आपली पावती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. ३५ हजारांचा ठराव मागे घेतला. नवीन ठराव झाला तो असा, की नोंद आधी कागदाच्या वहीत, मग लॅपटॉपवर, आणि दर पाच नावांनंतर कंट्रोल आणि एस दाबून साठवायचं. अकरा नावांपर्यंत थांबायचं नाही.

त्या वहीच्या मागच्या पानावर सुनेनं आता रकाने आखलेत. तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, काम. खोलीचं ती पिल्लांच्या तापमापकावर बघते. या मेमधल्या दोन ओळी आम्ही इथे वाचून दाखवतो. "सकाळी ८. खोली ३३. आत ६४. हप्ते." आणि त्याच्या खाली, "दुपारी २. खोली ४२. आत ८८. व्हिडिओ बैठक. शेजारी कांडप चालू होतं, दार लावून घेतलं, ८४ झालं."